ई-पासपोर्टचा नागपूर प्रयोग : ओळख-पडताळणीच्या चाचणीची चिकित्सा

प्रस्तावना

शून्य मैलाचा दगड उभा असलेल्या नागपूर शहरापासून देशाची कोणतीही भू-सीमा शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही सीमा ओलांडताना वापरावयाच्या नव्या ओळखसाधनाची चाचणी याच शहरात झाली. १ एप्रिल २०२४ रोजी ई-पासपोर्टचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि नागपूर व भुवनेश्वर येथील पासपोर्ट कार्यालयांचा त्यात आरंभीच समावेश होता. २०२५ मध्ये ही व्यवस्था देशभर पोचली. या प्रयोगातून कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात आणि कोणते प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

चिप असलेला पासपोर्ट जगात प्रथम मलेशियाने १९९८ मध्ये आणला. भारतात २००८ मध्ये राजनयिक व शासकीय पासपोर्टांपुरता असा प्रयोग झाला आणि पहिला ई-पासपोर्ट तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. सामान्य नागरिकापर्यंत ही सुविधा येण्यास त्यानंतर सुमारे सोळा वर्षे लागली. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात तयार होणाऱ्या या पुस्तिकेत रेडिओ लहरींद्वारे वाचता येणारी चिप व अँटेना बसविलेली असते. चिपमध्ये धारकाचा तपशील व जैवमितीय माहिती असून तिच्यावर शासनाची अंकीय स्वाक्षरी असते. माहितीत कोणी फेरफार केल्यास ही स्वाक्षरी जुळत नाही. बनावट पासपोर्टाला आळा घालण्याच्या दृष्टीने ही सुधारणा निःसंशय मोलाची आहे.

तीन प्रश्न, एक उत्तर

तथापि सीमेवरील पडताळणीत तीन स्वतंत्र प्रश्न असतात. दस्तऐवज खरा आहे काय? तो घेऊन आलेली व्यक्ती तीच आहे काय? आणि दस्तऐवजातील माहिती मुळात अचूक आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चिप जवळजवळ निश्चितपणे देते. दुसऱ्याचे उत्तर नेहमी संभाव्यतेच्या भाषेत मिळते. कारण समोरचा चेहरा व साठविलेले छायाचित्र किती जुळले म्हणजे पुरे, हा उंबरठा कोणीतरी ठरवावा लागतो. तो उंच ठेवला तर खरा माणूस अडतो, खाली ठेवला तर तोतया सुटतो. म्हणजे वरकरणी तांत्रिक वाटणारा हा निर्णय वस्तुतः प्रशासकीय व नैतिक आहे. तिसऱ्या प्रश्नाला तर चिपकडे उत्तरच नाही. ते अर्जासोबतच्या कागदपत्रांवर आणि पोलीस पडताळणीवर अवलंबून असते.

नागपूरसारख्या द्विभाषिक शहरात हा तिसरा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. ‘ज्ञानेश्वर’ या नावातील ‘ज्ञ’ मराठी उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ असा, तर हिंदी वळणाने ‘जी-वाय’ असा लिहिला जातो. शाळेच्या दाखल्यावर एक रूप, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे, ही आपल्याकडील नेहमीची स्थिती होय. विवाहानंतर स्त्रीच्या नावात होणारा बदल आणि व्यक्तिनाम, पिता अथवा पती व आडनाव ही त्रिपदी रचना यांमुळे गुंतागुंत आणखी वाढते. अंकीय स्वाक्षरी चुकीच्या नावालाही तितक्याच निष्ठेने संरक्षण देते. पूर्वी ज्या विसंगतीकडे अनुभवी अधिकारी समजुतीने पाहू शकत असे, ती आता अधिकृत शिक्क्यासह यंत्रापुढे जाते.

चाचणीची व्याप्ती

पासपोर्ट कार्यालयातील प्रयोग स्वभावतः वितरणाची चाचणी करतो. प्रत्यक्ष वाचन मात्र आप्रवासन कक्षात होते. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत, तर आप्रवासन गृह मंत्रालयाच्या. स्वयंचलित दारांतून विश्वासार्ह प्रवाशांना सोडण्याची योजना गृह मंत्रालयाने २२ जून २०२४ रोजी दिल्लीत सुरू केली व जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर नेली. त्या यादीत नागपूर नव्हते. अशा रीतीने दस्तऐवजाची चाचणी एका शहरात आणि दाराची दुसऱ्या शहरात झाली. दोहोंच्या संयोगात काय घडते, हाच प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

तुलनेसाठी ब्रिटनचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील पासपोर्ट सेवेने २००४ मध्ये सुमारे १०,००० स्वयंसेवकांवर जैवमितीय चाचणी घेतली आणि २००५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरून पडताळणी सर्वसाधारण गटात ६९ टक्के, तर अपंग व्यक्तींच्या गटात अवघी ४८ टक्के यशस्वी झाली होती. तंत्रज्ञान त्यानंतर पुष्कळ सुधारले आहे. परंतु येथे महत्त्व आकड्यापेक्षा पद्धतीला आहे. अपयश कोणाच्या वाट्याला आले, हे त्या चाचणीने गटवार नोंदविले व जाहीर केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १८९ संगणकीय प्रणाली तपासल्या, तेव्हा अनेक प्रणालींत आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीच्या जुळणीचे प्रमाण दहा ते शंभर पट अधिक आढळले. सरासरी यशाचा आकडा पुरेसा नसतो, हाच याचा अर्थ.

आपल्या राज्यालाही हा धडा अपरिचित नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे वितरित झाले. पुढे कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला न जुळल्याने शिधावाटपात अडलेल्या माणसांचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. ओळख देणे आणि ओळख पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पथदर्शी प्रकल्पाचे यश वितरित पुस्तिकांच्या संख्येने मोजणे अपुरे आहे. यशापयशाचे निकष आधी जाहीर करणे, नाकारल्या गेलेल्यांची वय, लिंग व व्यवसायनिहाय नोंद ठेवणे, यंत्राने अडविलेल्या प्रवाशास त्याच ठिकाणी मानवी तपासणीचा सन्माननीय पर्याय देणे आणि निष्कर्ष अभ्यासकांस खुले करणे, या चार अटी पूर्ण झाल्याखेरीज त्याला प्रयोग म्हणणे कठीण आहे. ती केवळ अंमलबजावणीची पहिली पायरी ठरते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्या निर्णयानंतर नागरिकाच्या चेहऱ्याची व नावाची चाचणी घेणाऱ्या शासनाने स्वतःच्या चाचणीचा निकालही नागरिकासमोर ठेवणे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.