हतनूरच्या काठावर सालिम अलींचे पुस्तक

सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली निघाले. पक्ष्याचा आकार सांगताना तो चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडायचा, ही त्यातली युक्ती मला अजूनही अजोड वाटते. शाळेच्या आवारात ती मुलांना पहिल्याच दिवशी जमते.

तेच पुस्तक घेऊन पौषातल्या सकाळी भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर जावे, म्हणजे अडचण कळते. बदकांसाठी पुस्तकातले माप आहे पाळीव बदक! आपल्या खानदेशात दारोदार कोंबड्या दिसतात. पाळीव बदक किती मुलांनी पाहिले असेल? त्यात पाण्यावर धुके, पक्षी दूर. शेजारी ओळखीचे काही नसेल तर जवळचा लहान पक्षी आणि दूरचा मोठा पक्षी डोळ्याला सारखेच दिसतात. आमच्या एका विद्यार्थ्याने चक्रांगांचा थवा ‘हळदीकुंकू बदके’ म्हणून वहीत लिहिला आणि मीही मान डोलावली. चक्रांग हिवाळी पाहुणा, हळदीकुंकू इथलाच रहिवासी. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत अशी नोंद गेली, तर पाहुणे नाहीसे आणि घरचे वाढलेले दिसणार.

युक्ती सोडू नये, माप बदलावे. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षी हिवाळ्यात तिथे बहुधा असतोच. चक्रांग त्याच्याहून जरा लहान. हळदीकुंकू चांगलेच मोठे. आधी वारकरी शोधा, मग पुस्तक उघडा.