मांडवातली टप्रिंग

‘स्टार ट्रेक’चा १९६७ सालचा ‘अमॉक टाइम’ हा भाग परवा सौ.च्या शेजारी बसून पुन्हा पाहिला. एरवी भावनांना पडशासारखं टाळणारे टोकदार कानांचे स्पॉकसाहेब यात एकाएकी लग्नासाठी बेभान होतात. नर्स चॅपल बिचारी प्रेमानं सूप नेते, तर साहेब वाडगाच भिरकावतात! या जोडीशी माझं कधीच जमलं नाही. नुसत्या सुपावर संसार होत नाही हो.

वधू टप्रिंग. सातव्या वर्षीच घरच्यांनी स्पॉकशी ठरवलेली. (आणि हा ग्रह म्हणे तर्कशास्त्रात पुढारलेला!) ऐन मांडवात ती द्वंद्व मागते आणि स्पॉकशी लढायला निवडते कुणाला, तर वराकडून आलेल्या कॅप्टन कर्कला. कर्क जिंकला तर त्याला ती नकोच. स्पॉक जिंकला तर रागानं सोडेल. नाहीच सोडलं तरी कायम फिरतीवर, म्हणजे नाव आणि इस्टेट हिची. कसंही झालं तरी तिचा तो स्टॉन तिथंच! हिशेब इतका चोख, की खुद्द स्पॉक दाद देतो. स्टॉन मात्र अगदीच ठोंब्या. लेखक थिओडोर स्टर्जननं त्याला जरा बरी वाक्यं द्यायची होती. शिवाय सातव्या वर्षी पोरीला कुणी विचारलं होतं का, हे भागभर कुणी काढतच नाही. तिला आपलं खलनायिका करून मोकळे!

शेवटी, आपल्या हातून मेला असं वाटलेला कर्क जिवंत दिसताच स्पॉक त्याचे दंड धरून चक्क हसतो. अख्ख्या भागात प्रेम दिसतं ते इथं. मुलीचं काय झालं, असं विचारल्यावर म्हणतो, कर्क गेला असं वाटलं तेव्हाच तिच्यातला रस संपला.

“मग तिनं केलं ते बरंच केलं,” सौ. म्हणाली.