बादलीतली मूर्ती आणि 'विरघळणं'

दर भाद्रपदात तोच व्हिडिओ फिरतो. दोन बादल्या, एकीत शाडूची मूर्ती, दुसरीत पीओपीची. सकाळी शाडू 'विरघळलेली', पीओपी जशीच्या तशी. बघून पटतं ना? मलाही पटलं होतं. पण विद्राव्यतेची चाचणी म्हणून हा प्रयोग साफ फसवा आहे.

शाडू माती विरघळत नाही, सुटी होऊन तळाशी बसते. गाळा, वाळवा, वजन करा, जवळपास सगळी परत मिळेल. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून केलेली भुकटी. पाणी मिळालं की तिचं पुन्हा जिप्सम होतं, आणि ते लिटरमागे साधारण 2.4 ग्रॅम खरोखर विरघळतं. म्हणजे किलोभराच्या मूर्तीला चारशेहून जास्त लिटर पाणी हवं. तुमची बादली वीस लिटरची! पन्नासेक ग्रॅम गेले की पाणी संपृक्त. मग महिनाभर ठेवा की वर्षभर.

पुण्याच्या एनसीएलच्या अमोनियम बायकार्बोनेटच्या पद्धतीलाही लोक 'विरघळवणं'च म्हणतात. तिथे जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, जे त्याहून कितीतरी कमी विरघळतं. पाण्यात उरतं ते अमोनियम सल्फेट, म्हणजे खत.

मग गिरगाव चौपाटीला एवढा समुद्र असून दुसऱ्या दिवशी तुकडे का दिसतात? कारण तिथे पाणी कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. वर रंगाचा थर असतोच. पीओपीविरुद्धचा खरा मुद्दा हा आहे. परळ-लालबागच्या मूर्तिकारांना तो सांगायचा तर बादली दाखवू नका, रोज किती ग्रॅम घटतात ते मोजून दाखवा.