नॉफ्लरचा उजवा हात

इलेक्ट्रिक गिटारच्या नादाची चर्चा बहुतेकदा अँप आणि पेडलपाशीच घुटमळते. डायर स्ट्रेट्सचं 1978 सालचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' ऐकताना मात्र सगळा कान मार्क नॉफ्लरच्या उजव्या हाताकडे द्यावा. त्या हातात पिक नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तार छेडतात. उरलेली दोन बोटं गिटारच्या अंगावर टेकलेली. त्या टेकूच्या आधारावर बाकीची तीन किती मोकळी फिरतात!

पिकची टणक कड तारेवरून निसटते तेव्हा स्वराच्या तोंडाशी खट्कन आवाज होतो. बोटाचं मांस मऊ, म्हणून त्याने छेडलेल्या स्वराची सुरुवात गोलसर. पण नॉफ्लर एवढ्यावर थांबत नाही. गायलेल्या ओळींमधल्या जागा भरताना तो मध्येच तार बोटाने वर खेचून सोडतो; ती फ्रेटवर आपटते आणि स्वराला धातूची बारीक चमक येते. पाठोपाठचा स्वर अंगठ्याचा, भरीव. एका श्वासात दोन आवाज, आणि एकाही बटणाला हात लागलेला नाही. क्या बात है!

तार कुठे छेडली, हेही ऐकावं. ब्रिजजवळ वरचे उपस्वर उसळतात, आवाज पातळ आणि धारदार होतो. मध्याकडे सरकावं तसे ते मावळतात. ऐन मध्यावर तर सम क्रमांकाचे उपस्वर जवळजवळ नाहीसेच होतात आणि नाद पोकळ वाटतो. गंमत अशी, की हा मध्य एका जागी राहत नाही. नॉफ्लरच्या हातातल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची मोकळी तार साधारण 648 मिलिमीटरची. दहाव्या फ्रेटवर दाबली की तिचा जेमतेम 364 मिलिमीटरचा तुकडा कंप पावतो. समजा, बोट ब्रिजपासून 15 सेंटीमीटरवर आहे. मोकळ्या तारेच्या हिशेबाने ती जागा ब्रिजकडची. दहाव्या फ्रेटच्या स्वरासाठी तीच मध्याच्या अगदी जवळ येते. उजवा हात जागचा हलला नाही तरी नाद गोलावत जातो.

म्हणूनच शेवटच्या सोलोचं मला फार अप्रूप वाटतं. डी मायनर, बी फ्लॅट आणि सी या कॉर्ड्सचे स्वर सुटे करून, विलक्षण वेगाने, दहाव्या फ्रेटच्या वरच्या अंगाला वाजतात. इथे आवाज गुळगुळीत व्हायची भीती असते. पण ब्रिजचा आणि मधला असे दोन पिकअप एकत्र जोडलेले आहेत. एकच तार ते दोन ठिकाणी टिपतात, त्यात काही उपस्वर परस्परांना खोडतात आणि उरतो तो किंचित नाकातला, स्वच्छ नाद. शिवाय सगळे स्वर उजव्या हाताचे नाहीत. एक छेडलेला, त्यामागचा डाव्या हाताच्या बोटाने तार ओढून काढलेला, जरासा दबका. त्या दबक्या स्वरामुळेच पुढचा छेडलेला स्वर इतका टणक, इतका उजळ लागतो.