डायनामाइट फोडतात की लावतात?

तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी चौदा एप्रिलच्या सभेत एक वक्ते म्हणाले, बाबासाहेबांनी १९३६ साली शब्दांचे डायनामाइट फोडले. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक आबा बसले होते. उभे आयुष्य धरणाच्या आणि रस्त्याच्या कामांवर बार भरण्यात घालवलेला माणूस. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "भाऊ, डायनामाइट फोडत नाहीत. लावत्यात."

मी हसलो आणि विसरलो. दोन-तीन दिवसांनी कपाटातून 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' काढले, ते वाक्य शोधले आणि चपापलो. बाबासाहेबांचे क्रियापद 'अप्लाय' आहे. म्हणजे लावणे. आबांचे बरोबर होते आणि वक्त्यांचे चुकले होते. वक्त्यांचे कशाला, माझेही. मी ते पुस्तक चार वेळा वाचले होते आणि चारही वेळा माझ्या कानात धडाम् असा आवाजच झाला होता.

मी भाषाशास्त्र शिकलेला नाही. पंचवीस वर्षे छापखाना चालवला आणि मुद्रिते तपासता तपासता जे हाती आले ते वाचले. तेव्हा या लेखात तज्ज्ञाचा अधिकार नाही. एका क्रियापदाचा पाठलाग आहे.

मराठीत स्फोटाच्या प्रत्येक वस्तूचे क्रियापद ठरलेले आहे. फटाका फोडतात किंवा वाजवतात. बॉम्ब टाकतात. बार भरतात आणि उडवतात. लग्नाचाही उडवतात आणि न उडालेला फुसका म्हणून हिणवतात. सुरुंग मात्र लावतात. हे निवडीचे प्रकरण नाही, कामाचे आहे. आबांनी मला ते समजावले. आधी खडक बघायचा, त्याची चीर कुठे जाते ते ओळखायचे. मग भोक पाडायचे. पूर्वी पहार आणि घण, एक जण पहार धरून फिरवणार, दुसरा घण घालणार. भोकात कांडी सोडायची, तिला टोपी आणि वात जोडलेली. वरून माती ठासायची. ठासण कमी पडली तर सगळा जोर भोकातून वर निघून जातो आणि खडक जागचा हलत नाही. मग लाल झेंडा, शिट्टी, वात पेटवून आडोसा. आडोशाला बसून आवाज मोजायचे. जेवढे बार लावले तेवढे वाजले तरच पुढे जायचे. एखादा आत अडकला असेल तर तो जीव घेतो. आवाज हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत कमी कष्टाचा भाग.

आता आल्फ्रेड नोबेलकडे वळू, कारण डायनामाइट हा शब्द त्याने घडवला. नायट्रोग्लिसरीन त्याने शोधले नव्हते. ते इटलीतल्या आस्कानियो सोब्रेरोचे. ते द्रव इतके लहरी की हादरा बसला तरी उडायचे. १८६४ साली स्टॉकहोमजवळच्या नोबेलच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. त्यानंतर नोबेलने ते द्रव किसेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत जिरवले. तीन भाग द्रव, एक भाग माती. या मिश्रणाची कांडी वळता येई, पेटीतून नेता येई. टोपीने ठिणगी दिल्याशिवाय ती सहसा उडत नसे. १८६७ साली त्याने पेटंट घेतले. शक्ती या अर्थाच्या 'डायनामिस' या ग्रीक शब्दावरून 'डायनामाइट' हे नाव घेतले, पण त्याच्या जोडीला 'नोबेलची सुरक्षित दारू' अशा अर्थाचे नावही त्याने लावले होते. हे दुसरे नाव जग विसरले. डायनामाइटचा खरा शोध स्फोटाचा नाहीच. तो आवरण्याचा आहे. हवे तिथे, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच.

(जाता जाता: आमच्याकडच्या काही पुस्तकांत बोरघाटातले रेल्वेचे बोगदे डायनामाइटने फोडल्याचे वर्णन असते. घाटातून गाडी १८६३ साली धावली. ते सगळे काम बंदुकीच्या दारूवर झाले आहे.)

'सुरुंग' हा आपला जुना शब्द. संस्कृतात 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, महाभारतात लाक्षागृहाच्या कथेत आहे. अभ्यासकांनी तो नळी या अर्थाच्या 'सिरिंक्स' या ग्रीक शब्दापर्यंत नेला आहे. डॉक्टरांची सिरिंज त्याच घरातली. म्हणजे आपले जुने आणि नवे, दोन्ही शब्द ग्रीकच निघाले. मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते 'सुरुंग'चे चारित्र्य. तो जमिनीखालून, चोरपावलांनी जातो. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे 'बालेकिल्ल्याला सुरुंग' असा मथळा देतात तेव्हा आतून कोणीतरी फितूर झाल्याची चव त्यात असतेच.

'डायनामाइट'वर दुसरेच संस्कार झाले. १८८६ साली शिकागोत कामगारांच्या सभेवेळी डायनामाइटचा बॉम्ब पडला आणि तेव्हापासून कांडीच्या मागे बॉम्ब फेकणाऱ्याची सावली लागली. आपल्याकडे मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ८ जून १९०८ या एकाच दिवशी सरकारने दोन कायदे केले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वर्तमानपत्रांचा. दुसऱ्या दिवशी 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला आणि त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली. दारू आणि शब्द यांना सरकारने एकाच पोत्यात बांधले होते. माझ्या कानावर हा शब्द प्रथम पडला तो आणीबाणीत, घरातली मोठी माणसे बडोदा डायनामाइट खटल्याबद्दल दबक्या आवाजात बोलत तेव्हा. आता तर तडाखेबंद भाषण डायनामाइट असते आणि सिनेमातली नटीही. खरी वस्तू मात्र गेली. एप्रिल २००४ पासून भारतात नायट्रोग्लिसरीनवर आधारलेल्या स्फोटकांवर बंदी आहे. बातम्यांतल्या 'जिलेटिनच्या कांड्या' हेही आता बहुतांशी जुने नावच उरले आहे. आत वेगळाच माल असतो.

ही सगळी पुटे बाजूला करून १९३६ च्या त्या वाक्याकडे गेले पाहिजे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचून ते बिचकले, काही भाग गाळण्याची सूचना केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद झाली नाही. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, १५०० प्रती. छापखानेवाला म्हणून मला त्या स्वल्पविरामाचे फार अप्रूप आहे. जो माणूस स्वल्पविरामासाठी सभा सोडतो, तो क्रियापद सहज टाकत नाही.

वाक्य काय म्हणते? या व्यवस्थेला भगदाड पाडायचे असेल तर बुद्धीला आणि नीतीला जागा नाकारणाऱ्या वेद-शास्त्रांना डायनामाइट लावावे लागेल. याच्या आधीची पाने पाहा. जातिभेद पाळणारी माणसे दुष्ट नाहीत, ती धार्मिक आहेत, असे ते सांगतात. आंतरजातीय विवाह, सहभोजने हे उपाय तपासतात. मग मनूचा नियम काढून दाखवतात की वाद पडला तर श्रुती, स्मृती आणि सदाचार पाहावा. तर्काला तिथे स्थान नाही. ही खडकाची चीर शोधणे आहे. भोक नेमके तिथे पाडले आहे जिथे बुद्धीचा प्रवेश बंद केला आहे. आणि आवाजानंतर? लगेच ते नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद करतात, तत्त्वांच्या धर्माची गरज मान्य करतात आणि चक्क कामाची यादी देतात: एकच प्रमाणग्रंथ, वंशपरंपरागत पौरोहित्य बंद, परीक्षा आणि सरकारी सनद असलेलाच पुरोहित, त्यांची संख्या कायद्याने मर्यादित. भगदाडापलीकडच्या रस्त्याचा आराखडा आहे हा. बॉम्ब फेकणारा परीक्षेची आणि सनदेची भाषा बोलत नाही.

याला उत्तर देता येईल, आणि ते मी स्वतःच देतो. हा शब्द वाचणाऱ्याला धक्का देईल हे बाबासाहेबांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? शिकागोची सावली त्यांनाही दिसत असणार. संतापही त्या पानांत आहे, तो पुसून त्यांना सौम्य करण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार एवढीच की टाळ्यांच्या सभेत आणि विरोधकांच्या लेखांत, दोन्हीकडे फक्त धक्का उरतो. भक्ताला आवाज आवडतो, विरोधकाला आवाजाची भीती वाटते, आणि आधीची मेहनत दोघेही वाचत नाहीत.

मी सध्या त्या प्रकरणाचा माझ्यापुरता अनुवाद करतो आहे. 'सुरुंग लावणे' हा वाक्प्रचार हाताशी तयार होता, मोहही झाला. पण त्यातली फितुरी त्या पुस्तकात कुठेच नाही. तिथे सगळे उघड्यावर, नाव घालून, छापून केलेले आहे. म्हणून 'डायनामाइट'च ठेवले, 'लावणे' या क्रियापदासह. आबांना वाक्य वाचून दाखवले. त्यांनी वेद-शास्त्रांबद्दल काही विचारले नाही. "ठासण कशाची केली?" एवढेच विचारले. मी मनूचा नियम असलेले पान काढले आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.