पाणचक्कीचा काल : एक आक्षेप

छत्रपती संभाजीनगर (इ. स. २०२३ पूर्वीचें औरंगाबाद) येथें खाम नदीच्या कांठीं, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत असलेली पाणचक्की आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तिचा जो वृत्तांत एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आला आहे, तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

निजाम-उल्-मुल्क आसफजाहाच्या पदरचा सरदार तुर्कताज खान यानें इ. स. १६९५ च्या सुमारास येथील बहुतेक इमारती बांधिल्या, असें सांगतात. परंतु 'निजाम-उल्-मुल्क' हा किताब १७१३ त मिळाला आणि 'आसफजाह' हा १७२५ त. १६९५ त खुद्द औरंगजेब दक्षिणेंत होता, व हा भावी निजाम अवघा चोविशीचा. किताब मागाहून लाविला म्हणावें, तर चक्कीचें म्हणून १७४४ हेंही वर्ष सांगण्यांत येतें, त्याची वाट काय?

आमचा तर्क असा. १७४४ म्हणजे हिजरी ११५७. १६९५ म्हणजे ११०७. फरक एकाच अंकाचा. अरबी वळणाचा पांच आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो, हें ज्यांनीं जुनीं कागदपत्रें हाताळिलीं त्यांस सांगावयास नको. हा तर्कच आहे. मूळ लेख दाखविणाऱ्यापुढें आम्ही तो तत्काळ मागें घेऊं.

लोकांत तर सगळें श्रेय मलिक अंबरास देतात. तो १६२६ त वारला. त्याची नहर निराळी, चक्कीची निराळी. हर्सूलकडील पाणी बंद नळानें येतें, चुनेगच्ची मनोऱ्यांत आपल्याच दाबानें चढतें व उंचावरून हौदांत कोसळतें. पुढें त्याच्या झोतानें पात्यांचें चक्र फिरतें, आणि चक्राच्या उभ्या दांड्याबरोबर जात्याची वरची तळी. बैल नको, माणसाचा हात नको! फकीर व यात्रेकरू यांच्या पोटाची सोय अशी लागे. नळांतून पाणी चढविण्याची ही युक्ति वाखाणतांना लेखक कालाविषयीं बेफिकीर होतात, हेंच आमचें गाऱ्हाणें.

बाबांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांचा 'मल्फूजात-इ-नक्शबंदिया' हा फारसी ग्रंथ उपलब्ध आहे. सायमन डिग्बी यांचें त्याचें इंग्रजी भाषांतर २००१ त निघालें. तो हातीं असतां मार्गदर्शिका प्रमाण मानण्याचें कारण दिसत नाहीं. कोणाच्या संग्रहांत तुर्कताज खानाची सनद असल्यास, अंकांत नव्हे तर अक्षरांत लिहिलेली तारीख तेवढी उतरून पाठवावी.