आधार आणि आधेय : हास्यचित्रातली मागची जागा

न्यायदर्शनात एक नेहमीचं उदाहरण आहे. जमिनीवर घट आहे. जमीन आधार, घट आधेय. घट उचलला तर काय दिसतं? नैयायिक म्हणतात, जमिनीवर घटाचा अभाव दिसतो. म्हणजे बघा, नसलेपण दिसायलासुद्धा जमीन लागतेच. श्रीपूरला हास्यचित्रांवर बोलायला बोलावलं आणि हे कुठं घटापटात शिरले, असं वाटेल तुम्हाला. पण हास्यचित्रांची आपली सगळी चर्चा घटाचीच असते. नाक कसं काढलंय, पुढारी ओळखू येतो का. जमिनीकडे कोणी बघत नाही.

एक कसोटी सांगतो. चित्रातल्या माणसाभोवतीचं सगळं तळहातानं झाका. हसू टिकलं, तर ते अर्कचित्र. बाळासाहेब ठाकरे यांनी काढलेले पुढारी असे टिकतात. माणूस रेषेतच पकडलेला असतो. त्यात उणेपणा काही नाही, जात वेगळी.

आता शि. द. फडणीस घ्या. १९५२ च्या 'मोहिनी'चं मुखपृष्ठ. तरुण आणि तरुणी शेजारी-शेजारी. तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. शब्द एकही नाही. कापडावरची नक्षी म्हणजे एरवी पार्श्वभूमीचीही पार्श्वभूमी. इथं गोष्ट तीच सांगते, माणसं नुसती तिला धरून आहेत. आधार आणि आधेय यांनी जागा बदलल्या! मराठीत इतक्या कमी सामानात एवढी उलथापालथ आम्हाला दुसरीकडे सापडलेली नाही.

आर. के. लक्ष्मण यांच्याबद्दल मात्र आमचं मत रूढ मताहून वेगळं आहे. त्यांचा 'कॉमन मॅन' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त दिसू लागला. चौकड्यांचा कोट, धोतर, तोंडातून अक्षर नाही. लोक त्याला नायक म्हणतात. नायक कसला? बोलणारे मंत्री आणि अधिकारी. हा त्यांच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा असतो, फरक एवढाच की कॅलेंडर बघत नाही. लोकशाहीत ज्याचं राज्य, त्यालाच सामानसुमानात उभं केलंय. त्या चित्रांची खरी बोच इथं आहे. आणि आपण केलं काय? पुण्यात आणि मुंबईत वरळीला त्याचे पुतळे उभारले. खोली गेली, मंत्री गेले; उरला चौकड्यांच्या कोटातला एक गोड म्हातारा. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. घट तेवढा उचलून आणला, जमीन तिथंच राहिली.

तुमच्याकडचंच घ्या ना. गाळप हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉलीमागं अडकलेला मोटारसायकलवाला काढायचाय. नवशिका आधी त्याचा चिडलेला चेहरा काढील. आम्ही म्हणू, चेहरा राहू द्या. पाठमोरा काढा, बोटभर. उरलेला कागदभर नुसता ऊस.